दहावी विज्ञानाचा उजळणी संच: जीवशास्त्र घ्या, रसायनशास्त्र तिथंच ठेवा

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. जीवशास्त्राची पुस्तिका पाचपैकी चार. रसायनशास्त्राची पाचपैकी दोन, तेही एका प्रकरणामुळं; नाहीतर एकच दिला असता. सोबतचा तक्ता अडीच. सराव प्रश्नपत्रिकांना गुण देत नाही, कारण त्या ज्या परीक्षेसाठी काढल्यात तशी परीक्षा आपलं मंडळ घेतच नाही.

मी कराडला औषधाचं दुकान चालवतो. डी. फार्म. करून काउंटरच्या मागं उभं राहण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळं रसायनशास्त्र अगदीच विसरलेलो नाही आणि जीवशास्त्र गिऱ्हाईक विसरू देत नाही. लेक राज्य मंडळाच्या शाळेत, मराठी माध्यमात, दहावीला आहे. पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग २ ला (मुख्यतः जीवशास्त्र) तिला चांगले गुण पडले आणि भाग १ ला (भौतिक आणि रसायन) काठावरचे. बाईंनी पेपर दाखवताना एवढंच सांगितलं, ‘हिनं वाचलंय भरपूर, लिहिलेलं नाही.’ म्हणून हा संच आणला.

प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. एक तर मला भांडण नको, आणि दुसरं म्हणजे असे संच दर हंगामाला नवं मुखपृष्ठ लावून येतात. दुकानात उभं राहून आतली चार पानं कशी पारखायची एवढं कळलं तरी माझं हे लिहिणं कामाला येईल.

संचात आहे काय? मोठ्या आकाराच्या, पिना मारलेल्या दोन पुस्तिका, एक जीवशास्त्राची आणि एक रसायनशास्त्राची. एक घडी घातलेला, लॅमिनेट केलेला तक्ता. आणि सराव प्रश्नपत्रिकांचं एक बारीक चोपडं. भौतिकशास्त्राची पुस्तिका वेगळी विकतात, ती मी घेतली नाही. कागद बरा आहे, जेल पेननं लिहिलं तरी मागं फुटत नाही. पुस्तिकेतच लिहायचं असेल तर हे महत्त्वाचं, कारण कित्येक पुस्तिकांचा कागद इतका पातळ असतो की पान उलटलं की पुढचं पान आधीच भरलेलं दिसतं.

जीवशास्त्राच्या पुस्तिकेची खुबी अशी की ती अर्धी कोरी आहे. दुकानात चाळताना मला वाटलं, छापताना काही राहून गेलंय की काय. धड्याची सुरुवात आकृतीनं, आणि आकृतीला नावं नाहीत, नुसत्या रेघा. पुढं तक्ते, त्यातले निम्मे रकाने रिकामे. उत्तरं शेवटी, बारीक टायपात, तीही पूर्ण वाक्यात नाहीत, नुसते मुद्दे. म्हणजे लिहायचं पोरानं, आणि पडताळायलाही स्वतःची वाक्यं मुद्द्यांशी लावून बघायची. आमच्या घरी पहिले दोन दिवस यावरून कुरकुर झाली. ‘पप्पा, यात उत्तरच नाहीये.’ म्हटलं, ‘पेपरात तरी कुठं असतं?’

सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १ मधलं पेशीविभाजन बघा. पानावर सूत्री विभाजनाची चार मोकळी वर्तुळं आहेत, पूर्वावस्था ते अंत्यावस्था, आणि प्रत्येकाखाली दोन-तीन प्रश्न: केंद्रकपटल आहे का? गुणसूत्रं कुठं आहेत? गुणसूत्रबिंदू विभागलाय की नाही? पोरं मध्यावस्थेची आकृती पाठ करतात, कारण ती सोपी आणि देखणी, सगळी गुणसूत्रं मधोमध ओळीत. घोटाळा होतो तो पश्चावस्थेत. समोरच्या पानावर अर्धगुणसूत्री विभाजनाची तशीच वर्तुळं ठेवलीत आणि मध्ये एकच प्रश्न: ‘दोन्ही पश्चावस्थांत नेमकं काय वेगळं होतं?’ सूत्री विभाजनात गुणसूत्रबिंदू विभागून अर्धगुणसूत्रं एकमेकांपासून दूर जातात. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात गुणसूत्रबिंदू तसाच राहतो आणि जोडीतली अख्खी गुणसूत्रं वेगळी होतात. म्हणून तर ४६ ची २३ होतात. हे एकदा हातानं काढलं की ‘फरक स्पष्ट करा’ला पाठांतर लागत नाही. लेकीनं ते पान खोडरबरानं पार झिजवलं, पण आता ती डोळे मिटून काढते.

श्वसनाचं पानही असंच. ग्लुकोज, त्याखाली बाण, त्याखाली रिकामी चौकट. ग्लुकोजचा रेणू सहा कार्बनचा, त्याचे पेशीद्रव्यात पायरुविक आम्लाचे तीन-तीन कार्बनचे दोन रेणू होतात, मग तंतुकणिकेत असेटिल-को-एन्झाइम-ए, मग क्रेब चक्र. चौकटीत नाव लिहायचं आणि बाजूला जागा लिहायची, पेशीद्रव्य की तंतुकणिका. ही ‘जागा लिहा’ची अट फार चांगली. गुण जातात ते तिथंच. नावं सगळ्यांना येतात. चक्राला ज्यांचं नाव आहे त्या हान्स क्रेब यांना १९५३ मध्ये नोबेल मिळालं, ही माहिती समासात दिलीय आणि ती समासातच शोभते. काही गाइडांत अशा माहितीचेच पाच प्रश्न केलेले असतात.

आनुवंशिकतेत डीएनएच्या एका धाग्यावरचे नायट्रोजनयुक्त रेणू क्रमानं देऊन एम-आरएनए लिहायला लावलंय. ॲडेनिनसमोर थायमिन नाही, युरॅसिल, हे नुसतं वाचून पोरं ‘हो’ म्हणतात आणि लिहिताना हमखास थायमिन लिहितात. असे सहा धागे दिलेत. पहिल्या दोनात लेकीची चूक झाली, पुढच्या चारात नाही. मग तोच क्रम तीन-तीनच्या गटात तोडायला सांगितलाय, म्हणजे त्रिकुट संकेत आपोआप येतो. हा संकेत उलगडणाऱ्या हरगोविंद खुराणांचं नाव त्यानंतर घेतलंय. आधी काम, मग नाव. पटलं मला.

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा मात्र सगळ्यात जमलाय. गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं हा धडा अक्षरशः ओरडून पाठ केला होता. या पुस्तिकेत आडव्या ओळीत संघ आहेत, उभ्या रकान्यांत प्रश्न: शरीर द्विस्तरीय की त्रिस्तरीय, सममिती अरीय की द्विपार्श्व, देहगुहा आहे का, आणि उदाहरण. सगळे रकाने कोरे. पट्टकृमी, जंत, गांडूळ आणि जळू हे चौघं यात पोरांचा जीव खातात, कारण दिसायला सगळेच लांबुळके आणि ओले. पट्टकृमी चपट्या कृमींच्या संघात, पोटातला जंत गोल कृमींच्या संघात, आणि गांडूळ आणि जळू दोन्ही वलयांकित. आमच्या दुकानात हा धडा वर्षभर चालू असतो. फेब्रुवारीत जंतनाशक दिन आला की शाळांत अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात आणि दोन दिवस पालक येऊन विचारतात, गोळी बरी असती का हो? लेकीला सांगितलं, ज्याच्यासाठी ती गोळी घेतेस तो ॲस्केरिस, गोल कृमी. तो रकाना तिनं परत कधी चुकवला नाही.

आता चारच का दिले, पाच का नाहीत, ते सांगतो. सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २ या धड्यावर आल्यावर ही पुस्तिका एकदम लाजते. वनस्पतींचं प्रजनन, फूल, पानफुटी, हायड्राचं मुकुलायन, स्पायरोगायराचं खंडीभवन, सगळं ऐसपैस. मानवी प्रजनन संस्था आली की आकृती पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि मासिक पाळी तीन ओळींत. बालभारतीच्या पुस्तकात हाच भाग सरळ आणि नीट दिलाय. अंडाशयातली पुटिका वाढते ती कोणत्या संप्रेरकामुळं, गर्भाशयाचं अंतःस्तर कोण तयार करतं, प्रोजेस्टेरॉनचं काम काय, सगळं क्रमानं आहे, आणि पेपरात त्यावर प्रश्न येतो. आमच्या गल्ल्यावर आजही पॅडचं पाकीट मागताना बायका आवाज खाली आणतात आणि मी कागदात गुंडाळायला घेतलं नाही तर माझ्याकडं बघत राहतात. गिऱ्हाइकाचं समजू शकतो. उजळणीच्या पुस्तिकेनं हे करायचं कारण नव्हतं, कारण ती आकृती नावांसकट काढता येण्यावर पोरींचे आणि पोरांचेही गुण अडलेत. हा भाग लेकीनं तिच्या आईबरोबर बसून पाठ्यपुस्तकावरूनच केला. आकृती मोठी काढली, अख्ख्या पानभर.

सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान ठीक. दही, पाव, व्हिनेगर, प्रतिजैविकं, मूलपेशी, सगळं आलंय. पर्यावरण, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन हे चार धडे मिळून पाचसहा पानांत उरकलेत. ते धडे पोरं पाठ्यपुस्तक वाचून स्वतः करू शकतात, म्हणून यावर तक्रार नाही. पण मुखपृष्ठावर ‘संपूर्ण भाग २’ असं लिहिलंय, ते खरं नाही.

आता रसायनशास्त्र. ही पुस्तिका बहुधा दुसऱ्याच कुणीतरी केली असावी. इथं प्रश्न आणि लगेच खाली पूर्ण उत्तर, ठळक टायपात, सुंदर चौकटीत. पोरगं प्रश्न वाचतं, नजर आपोआप खाली जाते, मान हलते, पुढं जातं. तासाभरात धडा ‘झाला’. लेकीला ही पुस्तिका पहिल्या दिवसापासून आवडली, आणि शंका मला तिथंच आली.

उत्तरं बरोबर असती तरी एक वेळ चाललं असतं. रासायनिक अभिक्रिया व समीकरणे या धड्यात छपाईनं घात केलाय. रेणुसूत्रातले खाली लिहायचे आकडे पानभर खाली लिहिलेलेच नाहीत, ओळीतच छापलेत, अक्षराएवढ्याच उंचीचे. संगणकावर टाइप करताना कुणीतरी बटण दाबायचं विसरलं आणि पुढं कुणी वाचलं नाही. साधी मुद्रणचूक म्हणून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. समीकरण संतुलित करायचा सगळा डाव या एकाच गोष्टीवर उभा आहे की रेणूच्या आधी लिहिलेला आकडा तुम्ही बदलू शकता, खालचा बदलू शकत नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली दोन लिहिलं तर ते जास्तीचं पाणी होत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ते माझ्या दुकानात बाटलीत मिळतं, जखम धुवायला. पिऊन बघायचं नाही. दोन्ही आकडे एकाच उंचीवर छापले तर पोरानं कुठला आकडा हलवायचा आणि कुठला नाही हे ओळखायचं कशावरून?

शिवाय सोडवलेलं एक उदाहरणच चुकीचं. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल, ज्यातून सोडियम सल्फेट आणि पाणी मिळतं. हे इतकं नेहमीचं उदाहरण आहे की डोळे झाकून यावं. डावीकडं सोडियम हायड्रॉक्साइडच्या आधी दोन हवेत, उजवीकडं पाण्याच्या आधी दोन हवेत. पुस्तिकेत डावीकडचे दोन आहेत, उजवीकडचे गायब, आणि खाली ‘समीकरण संतुलित झाले’ असा शिक्का. लेकीनं डावीकडचे आणि उजवीकडचे हायड्रोजन मोजले, चार आणि दोन. म्हणाली, ‘पप्पा, माझं चुकतंय की यांचं?’ वाईट वाटलं ते या प्रश्नाचं. छापलेलं पुस्तक समोर असलं की पोरं आधी स्वतःवरच शंका घेतात.

मग आम्ही ते पुस्तक मिटून ठेवलं आणि एमआर लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, देतात त्या कंपन्यांच्या पॅडांवर समीकरणं लिहायला सुरुवात केली. दुकानातल्या गोष्टींवरूनच. पित्तावरचं पांढरं औषध म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल: एकास दोन, आणि तयार होतं मॅग्नेशियम क्लोराइड आणि दोन पाणी. इनो पाण्यात टाकला की फसफसतं तो कार्बन डायऑक्साइड. तो चुन्याच्या निवळीतून जाऊ दिला की निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. निवळीसाठी टपरीवरून पानाचा चुना आणला, पाण्यात ढवळला, रात्रभर ठेवून वरचं पाणी अलगद ओतून घेतलं. करणार असाल तर मोठ्या माणसानं समोर बसावं, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. तांब्याच्या सल्फेटच्या निळ्या द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला की रंग उतरतो, हे तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत बघितलेलं होतं, लिहिलेलं नव्हतं. बाईंचं म्हणणं बरोबर निघालं.

धातुविज्ञानाच्या धड्यात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रकाराची पुस्तिकेनं पार वाट लावलीय. नमुना देतो. ॲल्युमिनाच्या विद्युत अपघटनात कार्बनचे धनाग्र वेळोवेळी का बदलावे लागतात? पुस्तिकेचं उत्तर: ‘कारण ते वापरामुळे झिजतात.’ झिजायला काय, बुटाचा तळवाही झिजतो. खरं कारण असं की धनाग्रावर ऑक्सिजन वायू मुक्त होतो, तो त्या तापमानाला धनाग्राच्याच कार्बनशी संयोग पावतो, कार्बन डायऑक्साइड होतो आणि धनाग्र खाल्ला जातो. दोन गुणांच्या उत्तरात हे दोन दुवे लागतात. एक ओळ लिहून आलेल्या पोराला वाटतं, उत्तर तर लिहिलं होतं मग एकच गुण कसा? अॅक्वा रेजिया, गंजणं, कल्हई, गॅल्व्हनायझिंग, सगळीकडं हाच प्रकार, अर्ध्यात सोडलेलं कारण.

मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणात चौकट आहे: ‘आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होते.’ बस. दुसऱ्या आवर्तात लिथियमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर आणि ऑक्सिजनची ६६, म्हणजे इलेक्ट्रॉन वाढत जातात तरी अणू आक्रसत जातो. पोराला इथं ‘का?’ पडायलाच हवा. केंद्रकावरचा धन प्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात भरले जातात, म्हणून केंद्रक त्यांना जास्त जोरानं ओढून घेतं. ही एक ओळ दिली असती तर गणात वरून खाली जाताना उलट का होतं हेही पोरानं स्वतःच सांगितलं असतं. त्या जागेवर मेंडेलीव्ह यांचं रंगीत चित्र आहे. त्यांनी १८६९ मध्ये सारणी मांडताना न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या आणि त्यातलं जर्मेनियम पुढं १८८६ मध्ये सापडलं, ही गोष्ट पुस्तिकेत आहे आणि चांगली सांगितलीय, ते नाकारत नाही.

दोन गुण ज्या प्रकरणामुळं दिले ते म्हणजे कार्बनी संयुगे. इथं अचानक पुस्तिका जीवशास्त्रासारखी वागते. समजातीय श्रेणीचा तक्ता आहे, पहिले दोन भरलेले, पुढचे कोरे: रेणुवस्तुमान मिथेनचं १६, इथेनचं ३०, मग तुम्ही लिहा. पोरं प्रोपेनचे ४४, ब्युटेनचे ५८ काढतात आणि प्रत्येक वेळी १४ वाढतात हे त्यांना स्वतःला दिसतं. मग क्रियात्मक गटांवरून नाव द्यायचे वीसेक सराव प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडं. इथेनॉल आणि इथेनॉइक आम्ल ओळखायची चाचणीही विचारलीय, सोडियम कार्बोनेट टाकून. लेकीनं हे प्रकरण पुस्तिकेतच पूर्ण केलं, आणि भाग १ मधलं तिला सगळ्यात पक्कं येतं तेही हेच. ज्यानं हे प्रकरण लिहिलं त्याच्याकडूनच बाकीची तीन लिहून घ्यायची होती.

तक्त्याची गंमत वेगळीच. एका बाजूला प्राण्यांचं वर्गीकरण, दुसऱ्या बाजूला आवर्त सारणी. भिंतीवर लावायचा तक्ता आणि दोन्ही बाजूंना छापलेला! म्हणजे एक बाजू कायम भिंतीला. आमच्याकडं तो खुंटीवर टांगून अधूनमधून उलटा करतो. प्राण्यांच्या बाजूला चित्रं छान आहेत, रंग उडालेले नाहीत, वटवाघूळ आणि देवमासा दोघंही सस्तन प्राण्यांत व्यवस्थित बसलेत. आवर्त सारणीच्या बाजूला ११३, ११५, ११७ आणि ११८ या जागांवर अजून ती जुनी तात्पुरती नावं, अनअनट्रियम वगैरे. त्यांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगनेसॉन ही नावं २०१६ मध्येच मिळाली. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही. पण जुनं चित्र उचलून दर वर्षी छापतात हे यावरून कळतं, आणि दुकानात पारखायला ही खूण सोयीची आहे: तक्ता उलगडा, खालचा उजवा कोपरा बघा.

सराव प्रश्नपत्रिकांबद्दल. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन पेपर असतात, भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. उरलेले २० प्रात्यक्षिकाचे. रसायनशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, भिंगं, अवकाश मोहिमा आणि त्यांच्या मधोमध रसायनाचे चार धडे. या संचातल्या प्रश्नपत्रिका मात्र ४० गुण सगळे रसायनाचे. त्यात पाच-पाच गुणांचे चार प्रश्न, जेव्हा की बोर्डाच्या पेपरात पाच गुणांचा एकच सोडवायचा असतो, दोनातून एक. खरं वजन प्रश्न ३ वर असतं, आठातून पाच, तीन-तीन गुणांचे, म्हणजे १५ गुण तिथंच. हे माहीत नसलेलं पोर या प्रश्नपत्रिका सोडवत बसलं तर लांबलचक उत्तरांची सवय लागेल आणि तीन गुणांच्या प्रश्नाला दीड पान लिहून येईल. आम्ही ते चोपडं दुकानात बिलांच्या मागं लिहायला घेतलं. वेळ लावून सोडवायला बोर्डाच्या आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका वापरतो.

किंमत संचाची तीनशेच्या आसपास. या पैशात काय मिळतं हे बघताना एक लक्षात ठेवा: बालभारतीची दोन्ही पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, आणि धड्यांच्या शेवटचे स्वाध्याय हीच पहिली प्रश्नपेढी आहे. धड्यांमधले ‘जरा डोके चालवा’चे प्रश्न तर पोरं हमखास सोडून देतात, शाळेतही घाईत राहून जातात. रसायनासाठी मी आता तेच पुरेसं मानतो, एक दोनशे पानी वही आणि शंका विचारायला कुणीतरी मोठं माणूस. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांनी शाळेतल्या सरांना किंवा बाईंना गाठावं. फेब्रुवारीत शिक्षक तसे वाट बघत असतात, पोरंच जात नाहीत.

जीवशास्त्राची पुस्तिका मात्र घ्याच, विशेषतः तुमचं पोर वाचतं खूप आणि लिहीत नाही अशातलं असेल तर. पहिल्या आठवड्यात रडारड होईल, होऊ द्या. सेमी-इंग्रजीवाल्यांनी घेऊ नये, ही फक्त मराठीत आहे आणि त्यांचा पेपर इंग्रजीत असतो. मधल्या काळात शब्द बदलत बसणं परवडणार नाही.

दत्त चौकाच्या बाजूला जिथून मी घेतला तिथं संच फोडून देत नाहीत. ‘काका, एकच पुस्तिका द्या की,’ म्हटलं तर म्हणाले, प्रकाशकाकडून संचच येतो. चुकीचं समीकरण उघडून दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि प्रकाशकाला फोन करतो म्हणाले. करतील. तोवर दोन घरांनी मिळून एक संच घेतला तरी चालण्यासारखं आहे, पण जीवशास्त्राची पुस्तिका लिहायची असल्यामुळं दोघांना एक पुरत नाही, तिची झेरॉक्स काढावी लागते. आमची रसायनशास्त्राची प्रत पुतणीनं आत्ताच मागून ठेवलीय, ती पुढच्या वर्षी दहावीला. तिला नवी घेऊ नको म्हणून सांगितलंय, कारण आमच्या प्रतीत खालचे सगळे आकडे लेकीनं लाल पेनानं खाली आणलेत.